सायरन लावला की सगळं माफ? रस्त्यावरचं आणि आभाळातलं ‘ड्यू रिगार्ड’

आडवाटेचा | शनि., रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, आणि निमित्त घरचंच आहे.

गेल्या पंधरवड्यात आमचे काका (वय ६३, स्कूटर चालवण्याचा अनुभव माझ्या वयापेक्षा जास्त) मंडईतून भाजी घेऊन परतत होते. चौकात हिरवा मिळाला, ते निघाले, आणि डावीकडून सायरन वाजवत आलेल्या अँब्युलन्सने स्कूटरचं मागचं चाक उडवलं. कॉलरबोन मोडलं, ढोपर सोलवटलं, मेथीच्या दोन जुड्या चौकभर पसरल्या. अँब्युलन्स रिकामी होती. चौकीवर आम्हाला ऐकवण्यात आलं, “सायरन चालू होता ना? मग आता काय करणार?”

हे ‘मग आता काय करणार’ डोक्यात अडकून बसलं. वाचायला घेतलं तर अमेरिकेतल्या वाहन कायद्यांत एक शब्दप्रयोग पुन्हापुन्हा दिसतो, ड्यू रिगार्ड, शब्दशः ‘योग्य ती काळजी’. म्हणजे आणीबाणीच्या गाडीला सिग्नल तोडायची मुभा आहे, पण सगळ्यांच्या सुरक्षिततेकडे ‘ड्यू रिगार्ड’ ठेवून. गंमत म्हणजे नेमका हाच शब्दप्रयोग विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारातही सापडला, तोही लष्करी विमानांबद्दल. आपल्याकडे कायदा काय म्हणतो? आणि रस्त्यावरचं नि आभाळातलं हे प्रकरण एकच आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस | शनि., रात्री ९:५८

पुण्यात हिरवा सिग्नल बघून निघालात हीच काकांची चूक. बाकी काकांना लवकर आराम पडो. खुर्ची टाकून बसलोय, चहा ठेवलाय.

काळा कोट | शनि., रात्री ११:१५

आधी काकांची तब्येत, मग कायदा. तरी थोडक्यात सांगते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली २०१७ साली वाहन चालवण्याबाबतचे नवे विनियम आले. त्यात अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस अशा गाड्यांना रस्त्यावर अग्रक्रम दिलाय. माणसाचा जीव वाचवायचा असेल किंवा तसंच काही गंभीर असेल तर त्यांना लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादा सोडता येते, एकेरी रस्त्याला उलटं जाता येतं. पण सायरन आणि दिवा दोन्ही चालू हवेत, आणि हे सगळं काळजीपूर्वक, जबाबदारीने करायचं. म्हणजे शब्द वेगळे असले तरी ‘ड्यू रिगार्ड’ आपल्याकडेही आहे. चौकीवर त्या ओळीचा पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा नसतो.

दुसरी बाजूही सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ई आलं. आणीबाणीच्या गाडीला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तेव्हा काकांना सायरन ऐकू आला होता का, हा प्रश्न विचारला जाणारच.

‘सरकारी गाडी, त्यामुळे भरपाई नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या खटल्यात तो मुद्दा निकालात काढलाय. उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत होती, पायी जाणारा माणूस दगावला, आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. अर्थात तिथे आणीबाणी नव्हती.

बंबवाला निवृत्त | रवि., सकाळी ६:२०

मी अग्निशमन दलात चालक होतो, एकतीस वर्षं. धागा वाचून राहवलं नाही.

वर्दी (आगीची खबर) आली की अंगात काहीतरी संचारतं हे खरं आहे. नवा पोरगा स्टेअरिंगवर बसला की त्याला वाटतं सायरन म्हणजे रस्ता आपला. आमचे तांडेल (तुकडीचे प्रमुख) शेजारी बसायचे. ते एकच वाक्य बोलायचे, “पोचलो नाही तर विझवणार कोण?” चौकाच्या अलीकडे हात आडवा धरायचे, म्हणजे पाय ब्रेकवर. त्यांनी हात खाली घेतला की मगच पुढे.

लोकांना बंब म्हणजे मोठा ट्रक वाटतो. तसा तो नाही. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असलं की साडेचार टन वजन मागे बसलेलं असतं. टाकी गच्च भरलेली असली तर त्यातल्या त्यात बरं. अर्धी असली की पाणी हिंदकळतं. ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि मग आतलं पाणी येऊन तिला पुढे ढकलतं. ते ज्याने एकदा अनुभवलं तो लाल सिग्नलला कधी पळवत नाही.

आणखी एक. दोन बंब एकामागून एक निघाले की दुसऱ्यावाल्याने जास्त जपायचं. पहिला गेला की लोक ‘गेला एकदाचा’ म्हणून गाड्या परत रस्त्यात घालतात. दोन्ही सायरन एकच वाटतात. दुसरा बंब त्यांच्या हिशेबातच नसतो.

आणि सायरन कुठून येतोय ते उंच इमारतींच्या चौकात कळत नाही. आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी येतो. त्यामुळे ‘ऐकू आला असेल तर बघायला हवं होतं’ असं काकांना म्हणणं सोपं आहे.

आडवाटेचा | रवि., सकाळी ८:०५

@बंबवाला, दंडवत घ्या. तो आडवा हात डोळ्यांसमोर आला.

पण माझा राग एकाच गोष्टीवर आहे. गाडी रिकामी होती हो! पेशंट असता तर मी एक शब्द बोललो नसतो.

बंबवाला निवृत्त | रवि., सकाळी ८:३१

साहेब, इथे मी तुमच्या बाजूने नाही. रिकामी गाडी म्हणजे रिकामटेकडी नव्हे. पेशंट आत आला की त्याला ऑक्सिजन लागतो, डॉक्टर किंवा निदान मदतनीस बरोबर असतो. ज्याच्याकडे गाडी अजून पोचलीच नाही त्याच्याकडे कुणीच नसतं. घाई जाताना जास्त असते, येताना कमी. बंब तर जाताना रिकामा नसतोच, पण परत येताना आम्ही सायरन कधी लावला नाही.

घरी जेवायला जाताना सायरन लावणारे मी पाहिलेत, नाही असं नाही. तो वेगळा विषय.

आडवाटेचा | रवि., सकाळी ८:४०

मान्य. हे डोक्यात आलंच नव्हतं. ‘रिकामी’ शब्द मागे घेतो.

एडिसनची सई | रवि., दुपारी १२:५०

इकडे न्यू जर्सीत मी आठवड्यातून एक रात्र आमच्या गावच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. अँब्युलन्स चालवायला लागून चार वर्षं झाली. इथल्या कायद्यात ते वाक्य अगदी जसंच्या तसं आहे. वाट मिळण्याचा हक्क दिला म्हणून सर्वांच्या सुरक्षिततेकडे ड्यू रिगार्ड ठेवून गाडी चालवण्याच्या कर्तव्यातून चालक सुटत नाही, आणि बेदरकारपणाच्या परिणामांपासून हा कायदा त्याला वाचवत नाही.

आमच्या स्क्वॉडचा नियम याहून कडक. लाल सिग्नलला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. मग एकेक लेन करत पुढे. डावीकडचा थांबला, त्याच्या डोळ्यात बघितलं, पुढे. त्याच्या पलीकडचा थांबला, पुढे. शेजारी बसलेला मोठ्याने “राइट क्लिअर” म्हणतो. माझी पहिली परीक्षक म्हणाली होती, तो थांबेल असं तुला ‘वाटतंय’ की तो थांबलेला तुला ‘दिसतोय’?

अजून एक मजा. इथे स्वयंसेवकाला स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावता येतो. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं लेक मंत्री झाली. त्या निळ्या दिव्याने नियमांतून कुठलीही सूट मिळत नाही. सिग्नल तोडता येत नाही, वेग वाढवता येत नाही. समोरच्याने वाट द्यायची असते, तेवढंच.

आणि एवढं करून वेळ किती वाचतो? १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये मोजणी केली होती. पेशंट घेऊन दवाखान्यात जाताना सायरन-दिव्यांनी सरासरी ४३.५ सेकंद वाचले. छोटं गाव आहे, मुंबईला तो आकडा लागू होणार नाही हे मला कळतं. पण मी चौकात थांबते तेव्हा माझे दहा सेकंद जातात आणि मला ते ४३ आठवतात.

मिसळप्रेमी | रवि., दुपारी १:१०

+१. सई, वेगळा धागा काढाच या अनुभवांवर.

काळा कोट | रवि., दुपारी ३:२५

सईच्या प्रतिसादात कायद्याची गोम आहे, ती उलगडते. त्या वाक्यात दोन मापं आहेत. एक ‘ड्यू रिगार्ड’, दुसरं ‘बेदरकारपणा’. ही दोन्ही एक नव्हेत. पहिलं मोडायला साधा हलगर्जीपणा पुरतो. दुसऱ्याला बरंच जास्त लागतं.

मग भरपाई मागताना कोणतं माप लावायचं? न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९४ साली सारिनेन विरुद्ध केर या पोलीस गाडीच्या खटल्यात तिथल्या तशाच वाक्याबद्दल सांगितलं, दुसरं. म्हणजे समोर धोका ढळढळीत दिसतोय, अपघात होण्याची दाट शक्यता आहे, आणि तरी ‘झालं तर होऊ दे’ म्हणून गाडी दामटली, एवढं सिद्ध करा. क्षणभराची चूक पुरणार नाही. कारण काय, तर पोलीस-बंबवाल्यांनी प्रत्येक वळणावर खटल्याची भीती बाळगली तर ते वेळेवर पोचणार नाहीत. माझ्या मते त्या कायद्यातलं ‘ड्यू रिगार्ड’ अशाने शोभेपुरतं उरतं. पुढे २०११ मध्ये त्याच न्यायपीठाने हे थोडं आवरलं. लाल सिग्नल तोडणं, वेगमर्यादा सोडणं अशी जी मुभा कायद्याने दिली आहे ती वापरत असतानाच हे सैल माप. एरवी पोलिसालाही तुमच्या-आमच्यासारखंच माप.

इंग्लंडचं वळण वेगळं. १९५४ चा वॉट विरुद्ध हर्टफर्डशायर हा अग्निशमन दलाचा खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाला असतो. जवळच एक बाई जड वाहनाखाली अडकली होती. जड जॅक नेण्यासाठीची खास गाडी जागेवर नव्हती, म्हणून तो साध्या लॉरीत टाकला, तो घसरला आणि एक जवान जखमी झाला. न्यायालयाने दलाला दोषी धरलं नाही, कारण जीव वाचवायचा तर थोडी जोखीम घ्यावीच लागते. पण त्याच निकालात न्यायमूर्ती डेनिंग साहेबांनी बजावलंय की बंब आणि रुग्णवाहिकांनी लाल दिव्याला सुसाट निघून जाऊ नये, ती जोखीम परवडणारी नाही. विद्यार्थी पहिला भाग परीक्षेत लिहितात, दुसरा विसरतात. (मीही विसरले होते.)

आपल्याकडे अपघात न्यायाधिकरणात साध्या हलगर्जीपणाचंच माप चालतं. सायरन होता म्हणून माप बदलत नाही. ‘परिस्थितीत काय वाजवी होतं’ एवढं बघितलं जातं, आणि त्या परिस्थितीत आणीबाणी हीसुद्धा एक गोष्ट.

पेन्शनर आजोबा | रवि., सायं. ५:००

विषय गंभीर आहे, पण शब्दावरून राहवत नाही. ‘ड्यू रिगार्ड’ला मराठीत काय म्हणाल? ‘यथोचित दक्षता’ हे सरकारी परिपत्रक झालं. माझ्या मते आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, मुलाहिजा. पण आपण तो कायम नकारातच वापरतो. ‘कुणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही’ असं मंत्री म्हणतात तेव्हा टाळ्या पडतात. मुलाहिजा ठेवा, असं कुणी कुणाला सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

तिरकस | रवि., सायं. ५:१२

आजोबा, ‘मुलाहिजा ठेवून लाल सिग्नल तोडावा’ अशी पाटी पुण्यात लागली तर रोज पेपरात फोटो येईल. मी ‘तारतम्य’ला मत देतो.

आता विमानांचं कुणीतरी बोला. आमच्या लोहगावला सुखोई आणि प्रवासी विमान एकाच धावपट्टीवर असतात. तिथे ड्यू रिगार्ड चालतं का?

धावपट्टी | रवि., रात्री १०:०५

वाचत होतो. तीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली, आता निवृत्त.

लोहगावचं आधी. ती धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. गोव्याच्या दाबोळीला नौदल यजमान. पण दोन्हीकडे लढाऊ असो की प्रवासी, सगळे एकाच टॉवरचं ऐकतात. त्याला ड्यू रिगार्ड म्हणत नाहीत. तिथे कुणीतरी तिसरा वाहतूक हाकतोय.

खरं ड्यू रिगार्ड कुठे येतं? ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत करार झाला, आजची सगळी नागरी विमानवाहतूक त्यावर उभी आहे. त्याचं तिसरं कलम म्हणतं की हा करार नागरी विमानांपुरता. लष्कर, कस्टम, पोलीस यांच्या विमानांना तो लागू नाही. मग ही विमानं मोकाट? तर नाही. त्याच कलमात प्रत्येक देशाने कबूल केलंय की स्वतःच्या सरकारी विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेकडे ड्यू रिगार्ड ठेवीन.

फरक इथे आहे. रस्त्यावर सगळे नियम आहेत, अँब्युलन्सला त्यातल्या काहींतून तेवढ्यापुरती सूट आहे, आणि ड्यू रिगार्ड त्या सुटीखालची जमीन आहे. खुल्या समुद्रावर लष्करी विमानाच्या बाबतीत नियम लागूच नसतात, ड्यू रिगार्ड हाच अख्खा नियम. अमेरिकी वैमानिक रेडिओवर सरळ सांगतो, “आम्ही ड्यू रिगार्ड जातोय.” त्या क्षणी नियंत्रक त्याला इतर विमानांपासून लांब ठेवायचं काम सोडतो. ते काम आता वैमानिकाचं. त्यांच्याकडे त्यासाठी अटी आहेत. हवा स्वच्छ असून डोळ्यांनी बघता यावं, किंवा विमानातल्या रडारवर बाकीचे दिसावेत, किंवा खालच्या नाहीतर दुसऱ्या विमानातल्या रडारची नजर आणि बोलणं चालू असावं. सईची ‘वाटतंय की दिसतोय’वाली परीक्षक इथेही नोकरीला लागली असती.

अडचण ट्रान्सपाँडरची, म्हणजे रेडिओवरून आलेल्या हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या विमानातल्या यंत्राची. प्रवासी विमानात टक्कर टाळणारं यंत्र असतं, टीकॅस. ते समोरच्याच्या ट्रान्सपाँडरला हाक मारतं आणि उत्तरावरून अंतर, उंची काढतं. समोरच्याने ट्रान्सपाँडर बंद ठेवला की टीकॅसच्या लेखी तिथे कोरं आभाळ. मार्च २०१४ मध्ये स्वीडनच्या माल्मोजवळ कोपनहेगनहून रोमला निघालेलं प्रवासी विमान आणि ट्रान्सपाँडर बंद ठेवून उडणारं रशियन टेहळणी विमान धोकादायकरीत्या जवळ आली. आंतरराष्ट्रीय हद्द, म्हणून रशियाने उडणं बेकायदा नव्हतं. पण डोळे मिटून दुसऱ्याच्या वाटेत उभं राहायचं आणि वर मुभा आहे म्हणायचं, हे कसलं रिगार्ड? २०१६ साली फिनलंडच्या अध्यक्षांनी बाल्टिकवर सगळ्यांनी ट्रान्सपाँडर चालू ठेवावेत असं सुचवलं. ट्रान्सपाँडर बंद ठेवून उडवणारे एकटे रशियन नाहीत. लपून उडायची गरज सगळ्याच हवाई दलांना असते.

तिरकस | रवि., रात्री १०:३०

वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकलं ते म्हणजे हेच ना?

धावपट्टी | रवि., रात्री ११:१०

नाही, आणि हा घोळ पुष्कळ ठिकाणी वाचला. २९ जानेवारी २०२५, पोटोमॅक नदीवर, ६७ माणसं गेली. ते हेलिकॉप्टर देशाच्या हद्दीत होतं, टॉवरशी बोलत होतं, ठरलेल्या मार्गावर होतं. त्या टप्प्यात २०० फुटांच्या वर जायचं नव्हतं, टक्कर २७८ फुटांच्या आसपास झाली. कायद्याने ते ड्यू रिगार्ड उड्डाण नव्हे.

पण मला त्यातली एक गोष्ट झोपू देत नाही, कारण ती मी हजार वेळा केली आहे. नियंत्रकाने विचारलं, समोरचं विमान दिसतंय का? हेलिकॉप्टरने सांगितलं, दिसतंय, आम्ही नजरेने अंतर ठेवतो. टॉवरने मंजूर केलं. त्या एका ‘दिसतंय’ने अंतर ठेवायचं ओझं टॉवरकडून हेलिकॉप्टरकडे गेलं. रात्र, शहराचे दिवे, रांगेत उतरणारी विमानं. त्यांना जे दिसलं ते नेमकं तेच विमान होतं का, हे त्या क्षणी टॉवरला कसं कळणार?

आपल्याकडची, हरयाणातल्या चरखी दादरीची टक्कर आठवा. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जम्बो वर चढतंय, कझाकस्तानचं इल्युशिन उतरतंय, ३४९ ठार. कझाक विमान दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली आलं, ही मूळ चूक. पण दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच वाट होती, कारण आजूबाजूचं बरंच आकाश हवाई दलासाठी राखलेलं. आणि नियंत्रकाच्या रडारवर उंची दिसत नव्हती, फक्त ठिपके. दोन ठिपके एकमेकांवर आले तरी एक वर एक खाली आहे, असं त्याने वैमानिकांच्या सांगण्यावर धरून चालायचं. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं.

आडवाटेचा | सोम., रात्री ८:५०

धागा इतका भरेल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

चौकातल्या दुकानाचं सीसीटीव्ही मिळालं. बावीस सेकंदांची क्लिप, मी चाळीस वेळा बघितली असेल. काकांच्या डावीकडे सिटी बस उभी आहे. हिरवा होतो. बस हलत नाही. तिच्या ड्रायव्हरला उंचीवरून अँब्युलन्स दिसलेली आहे. काका बसच्या आडोशातून पुढे निघतात. त्यांना बस दिसतेय, बसपलीकडचं काही नाही. अँब्युलन्सवाल्यालाही थांबलेली बस दिसतेय. तो धरून चालतो की चौक थांबलाय. धडकेच्या आधी त्याचा ब्रेक लाइट एकदाही लागत नाही.

सई, तुमची ती ‘लेन-लेन’ पद्धत इथे असती तर बसच्या नाकाशी तो थांबला असता. आणि बंबवाले काका, आमच्या काकांनी ‘बस का निघत नाहीये’ असा विचार करायला हवा होता, हे तेच म्हणतायत.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. रागात होतो. काकांना दवाखान्यात त्याच अँब्युलन्सने नेलं. ड्रायव्हर पोरगाच आहे, पंचविशीचा. स्ट्रेचर लावताना त्याचे हात थरथरत होते म्हणे. तो रेडिओवर दुसरी गाडी पाठवा म्हणून ओरडत होता. ज्याच्याकडे तो निघाला होता त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. काका रोज विचारतात. तक्रार करायची म्हटलं की म्हणतात, पोराची नोकरी जाईल.

काळा कोट | सोम., रात्री ९:३०

काकांना सांगा, भरपाईचा दावा मालक आणि विमा कंपनीवर असतो, पैसे पोराच्या खिशातून जात नाहीत. फौजदारी तक्रार हा वेगळा रस्ता, तो धरायचाच असं नाही, पण अपघाताची नोंद पोलिसांकडे असलीच पाहिजे, नाहीतर पुढे काहीच हलणार नाही. दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यात चालढकल नको. काकांच्या वाट्याला थोडा दोष येईल, बसच्या आडून निघाले म्हणून, आणि रक्कम तेवढी कमी होईल. त्या क्लिपची प्रत आजच वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. दुकानांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

बंबवाला निवृत्त | मंगळ., सकाळी ६:१०

त्या पोराचा नंबर मिळाला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तक्रार-बिक्रार काही नाही. रविवारी मोकळा असतो मी, त्याला घेऊन त्या चौकात जाऊन उभा राहीन म्हणतो.